घराचा प्लॅन स्वतः काढलाय? मग तो कुणाला दाखवायचा आणि नेमकं काय विचारायचं

सुरुवातीचे दोन महिने मी जो भेटेल त्याच्यासमोर ग्राफ पेपर धरून "प्लॅन कसा वाटला?" एवढंच विचारत होतो, आणि सगळे छान आहे की, हवेशीर दिसतंय, देवघर तेवढं ईशान्येला घ्या असं म्हणून चहा पिऊन जात होते. मलाही वाटायला लागलं की आपण चुकून बँकेत आलो, आर्किटेक्टच व्हायचं होतं. मग घरी नळ दुरुस्तीला आलेल्या प्लंबरने तोच कागद बघितला आणि विचारलं, "साहेब, जिन्याखालच्या या संडासात बसणार कोण, तुमचं बारकं पोरगं का?"

हिशोब साधा होता पण मी केलाच नव्हता. मजल्याची उंची 10 फूट म्हणजे 120 इंच, 18 पायऱ्या धरल्या तर एक पायरी पावणेसात इंचाच्या जरा आत येते, लँडिंग, म्हणजे जिना वळतो तिथला सपाट टप्पा, अर्ध्यावर म्हणजे जमिनीपासून 5 फुटावर, त्यातून स्लॅबची जाडी गेली की खाली उरतात साडेचार फूट. शिवाय जिन्यालाच मी 6 बाय 8 ची जागा दिली होती. 10 इंचाच्या पायरीने एका बाजूला 8 पायऱ्या बसवल्या की 6 फूट 8 इंच झाले, 3 फुटाचं लँडिंग धरून 9 फूट 8 इंच, आणि खाली पहिल्या पायरीसमोर माणूस उभा राहायला जागा लागते ती वेगळी. म्हणजे माझा जिना थेट किचनमध्ये घुसत होता. दोन महिन्यात पंचवीसेक लोकांनी प्लॅन बघितला होता, त्यातल्या एकाच्याही हे लक्षात आलं नाही कारण मी कुणाला जिन्याबद्दल विचारलंच नव्हतं.

तर हे सगळं लिहायचं कारण तेच. साताऱ्याच्या बाहेर आमचा दोन गुंठे प्लॉट आहे, 33 बाय 66, रोड पूर्वेला, त्यावर खाली-वर असं घर, आईवडील, आम्ही दोघं आणि दोन पोरं. प्लॅन स्वतःच काढायचा हट्ट होता आणि त्यात काही वाईट नाही, आपल्या घरात कोण कधी उठतं हे आपल्यालाच माहीत असतं. पण फीडबॅक घ्यायची एक पद्धत असते ती मला उशिरा कळली.

दाखवायच्या आधी कागद दाखवण्यासारखा करा

नुसत्या रेघांच्या चौकोनावर कुणी काही बोलू शकत नाही. ग्राफ पेपरवर एक चौकोन म्हणजे एक फूट असं ठरवा आणि भिंती जाड काढा, एका रेघेच्या नको. मी 25 फूट रुंदीत तीन खोल्या एका ओळीत बसवल्या होत्या आणि बेरीज बरोबर 25 येत होती म्हणून खुश होतो, पण बाहेरच्या दोन 9 इंची भिंती गिलाव्यासकट 10-10 इंच, आतल्या दोन साडेचार इंची भिंती गिलाव्यासकट साडेपाच-साडेपाच, म्हणजे 31 इंच नुसत्या भिंतीतच गेले. अडीच फुटावर थोडं जास्तच. तेवढ्यात एक कपाट येतं.

दारं उघडतात कुठल्या बाजूला ते काढा, पाव गोल काढतात तसं. खिडक्या काढा. उत्तर दिशेचा बाण काढा, प्लॉटची मापं, रोड, शेजाऱ्याची भिंत, लाईटचा पोल, असेल ते झाड, आणि पावसाचं पाणी कुठून कुठं वाहतं ते. फर्निचर त्याच स्केलला पुठ्ठ्याचं कापून ठेवा, डबल बेड 6 बाय साडेसहा, कपाट 2 फूट खोल, किचनचा ओटा 2 फूट, वॉशिंग मशीन 2 बाय 2, मोटारसायकल अडीच बाय साडेसहा. हे तुकडे कागदावर सरकवत बसलं की निम्म्या चुका स्वतःलाच दिसतात, मला मुलांच्या खोलीत बेड ठेवल्यावर कपाटाचं दार उघडतच नव्हतं ते असंच सापडलं.

नॅशनल बिल्डिंग कोड 2016 मधली दोन-चार मापंही शेजारी लिहून ठेवा. राहायची खोली किमान साडेनऊ चौरस मीटर म्हणजे 102 चौरस फुटाच्या आसपास आणि रुंदी किमान 2.4 मीटर, म्हणजे जवळपास 8 फूट. संडास-बाथरूम एकत्र असेल तर 2.8 चौरस मीटर, रुंदी 1.2 मीटर. ही कमीत कमी मापं आहेत, आरामाची नाहीत. माझी मुलांची खोली साडेसात फूट रुंद होती.

आणि प्लॅनसोबत अर्ध्या पानाची माहिती लिहा, हे कुणी करत नाही पण माझ्या मते सगळ्यात उपयोगी हेच. घरात कोण कोण, वयं काय, गुडघ्याचा त्रास कुणाला, पाहुणे मुक्कामी कधी आणि किती, वर भाडेकरू ठेवायचाय का, बजेट अंदाजे किती आणि कुठली गोष्ट अजिबात बदलायची नाही. हे नसलं की समोरचा माणूस तुमच्या प्लॅनवर न बोलता त्याच्या मनातल्या घरावर बोलतो. आमच्या एका नातेवाइकांनी अर्धा तास होम थिएटर कुठं करायचं ते समजावलं, आमच्याकडं टीव्ही फक्त आई बघते.

थ्रीडी मात्र शेवटी दाखवा. स्वीट होम थ्रीडी फुकट आहे, शिकायला दोन दिवस पुरतात, मीही केलं, पण ते दाखवलं की लोक सोफ्याच्या रंगावर बोलतात. साधा पेन्सिलचा कागद असला की माणूस बिनधास्त खोडतो, तेच तर पाहिजे असतं.

घरातल्यांना एकेकट्याने विचारा

सगळ्यांना एकत्र बसवून विचारलं की वडील बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात, निदान आमच्याकडं तरी. म्हणून एकेकाला वेगळं बसवा आणि कसा वाटला असं विचारूच नका. पेन्सिल हातात द्या आणि म्हणा, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तुम्ही कुठं कुठं जाता ते यावर रेघ मारून दाखवा.

आईने पेन्सिल धरली आणि पहिल्याच मिनिटाला थांबली. पहाटे साडेपाचला उठून ती आधी बंब पेटवते, म्हणजे आता गीझर आहे पण तिच्या तोंडात बंबच, मग पारोसं देवघरात जायचं नाही म्हणून अंघोळ, मग फुलं तोडायला बाहेर, मग देवपूजा. माझ्या प्लॅनमध्ये यासाठी तिला दर वेळी हॉलमधून जावं लागत होतं, जिथं मोठा मुलगा झोपणार होता. मग तिने विचारलं पावसाळ्यात कपडे कुठं वाळत घालायचे? पापड-कुरडया गच्चीवर न्यायच्या तर ओलं पीठ घेऊन मी हा जिना चढू? धान्याची कोठी कुठाय? तीन प्रश्न, तिन्हीची उत्तरं माझ्याकडं नव्हती. मागच्या बाजूला 4 फुटाची झाकलेली पडवी त्यातून आली आणि आज आमच्या घरातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा भाग तोच आहे.

बायकोचा आक्षेप वेगळा होता. भाजी, दूध, सिलेंडर, सगळं पुढच्या दारातून हॉल ओलांडून किचनमध्ये येणार आणि कचरा, भांडीवाल्या मावशी सगळं त्याच वाटेने परत, किचनला बाहेरून दार का नाही? आणि ओट्यासमोर उभं राहिल्यावर पाठ दाराकडं येते, पोरं काय करतायत ते दिसत नाही. वडिलांनी रेघ मारली तेव्हा ती रात्रीत तीनदा बाथरूमला गेली, आणि मी त्यांच्या खोलीपासून बाथरूम पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं होतं, शिवाय दारात 4 इंचाचा उंबरा. आता बाथरूम खोलीला लागून आहे, उंबरा नाही, उतार आत दिलाय आणि दार 2.5 फुटाचं न ठेवता 3 फुटाचं केलं, उद्या कधी व्हीलचेअर लागली तर, हे ते स्वतः बोलले नाहीत पण मला कळलं.

हे ऐकताना एकच नियम पाळायचा, स्पष्टीकरण द्यायचं नाही. "हो पण मी ते अशासाठी केलंय की..." असं तुम्ही म्हणालात की समोरचा गप्प बसतो. मी तर वहीत लिहायचं काम मुद्दाम घेतलं, हात गुंतलेला असला की तोंड बंद राहतं.

वास्तूचं आधी उरकून घ्या

हा विषय टाळता येत नाही आणि टाळू पण नका. तुम्ही मानत असाल नसाल, घरात कुणीतरी मानतंच, आणि स्लॅब टाकायच्या आदल्या आठवड्यात कुणी येऊन ईशान्येला संडास कसा म्हणाला की घराची झोप उडते. म्हणून अगदी पहिल्या कच्च्या प्लॅनलाच घरात विचारून घ्या की यातले कुठले नियम आपल्याला पाळायचेतच. आमचे तीन निघाले, किचन आग्नेयेला, देवघर ईशान्येला, ईशान्येला संडास नको, आणि ते कागदाच्या कोपऱ्यात लिहून टाकले. नंतर कुणी चौथा नियम काढला तर आईच सांगायची, आमचं ठरलंय. फक्त एक बघा, नैऋत्येला बेडरूम घेतली की दुपारनंतरचं ऊन तिच्याच भिंतीवर येतं, मेमध्ये रात्री अकरापर्यंत ती भिंत गरम असते. तिथं कपाटं भिंतीला लावा, बाहेरून सावली करा, काहीतरी करा. आणि आपल्याकडं पाऊस नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो, त्यामुळं पश्चिम-दक्षिणेच्या खिडक्यांना छज्जा चांगला पाहिजे.

ज्यांनी नुकतंच बांधलंय त्यांच्याकडं जा

चार-पाच वर्षात घर बांधलेले दोन-तीन लोक ओळखीत असतातच. त्यांना तुमचा प्लॅन लगेच दाखवू नका, आधी त्यांच्या घरात जाऊन विचारा की परत बांधायचं झालं तर काय बदलाल. लोक भरभरून बोलतात, कारण हे त्यांना कुणी विचारलेलं नसतं. सोबत टेप न्या, त्यांचं किचन, बाथरूम, पॅसेज मोजा आणि आपल्या कागदावरच्या मापाशी ताडून बघा, 3 फुटाचा पॅसेज म्हणजे काय हे कागदावर कळत नाही, समोरून बादली घेऊन कुणी आलं की कळतं. जमलं तर जुलैमध्ये जा, भर पावसात, ओल कुठं येते आणि चपला-छत्र्या कुठं पडल्यात हे तेव्हाच दिसतं.

अशाच एका घरी बोअरचं समजलं. पिण्याच्या पाण्याच्या विहिरी-बोअरपासून शोषखड्डा किमान 18 मीटर लांब पाहिजे असं भारतीय मानकात आहे. 18 मीटर म्हणजे 59 फूट, आणि माझा प्लॉट लांबीला 66. म्हणजे बोअर एका टोकाला आणि शोषखड्डा दुसऱ्या टोकाला असला तरच जमतं, मी दोन्ही मागच्या बाजूला काढले होते. शेजाऱ्याचं बोअर कुठं आहे तेही बघावं लागतं, बरं का, ते आपल्या कंपाउंडला चिकटून असेल तर आपला कागद परत पहिल्यापासून.

कारागिरांना हजेरी देऊन बोलवा

गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार. फुकटात रस्त्यात गाठून विचारलं तर तेही छान म्हणूनच पुढं जातात, अर्ध्या दिवसाची हजेरी, म्हणजे मजुरी, देऊन घरी बसवलं की खरं बोलतात. प्रत्येकाला एकच प्रश्न: हे बांधताना तुम्हाला कुठं त्रास होईल?

गवंड्याने लगेच विचारलं कॉलम कुठायत. खाली आणि वरच्या भिंती एकावर एक येत नव्हत्या, वरच्या बेडरूमची भिंत खालच्या हॉलच्या मधोमध अधांतरी होती. मी दोन मजले वेगवेगळ्या कागदांवर काढले होते आणि कधी एकमेकांवर ठेवून उजेडात धरलेच नव्हते. हे नक्की करा, खिडकीच्या काचेवर दोन्ही कागद एकावर एक चिकटवून बघा. प्लंबरने सांगितलं की वरचं बाथरूम खालच्या डायनिंगवर येतंय, जेवताना वरून पाईपचा आवाज येईल आणि कधी लीक झालं तर ताटात. बाथरूमवर बाथरूम, नाहीतर किचनच्या मागच्या ड्राय बाल्कनीवर, एवढं सांभाळलं तरी पाईपचा खर्च आणि डोक्याचा ताप दोन्ही कमी होतात. सुताराचं थोडक्यात, दाराच्या चौकटीला भिंतीच्या कोपऱ्यापासून निदान 4-5 इंच सोडा, नाहीतर दार पूर्ण उघडत नाही.

जागेवर फक्की मारून बघा

हे मला सगळ्यात आवडलं. एक रविवार, सुतळी, खुंट्या, टेप आणि फक्कीचं, म्हणजे रेघा मारायच्या पांढऱ्या पुडीचं, पोतं. काटकोनासाठी गवंडी 3-4-5 चं माप घेतात, एका बाजूला 3 फूट, दुसऱ्या बाजूला 4, तिरकं बरोबर 5 आलं की कोपरा काटकोनात, मोठ्या जागेला 9-12-15 घ्या म्हणजे चूक कमी येते. मग पूर्ण चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा, 25 बाय 40 चं घर असेल तर ते 47 फूट 2 इंच यायला पाहिजेत, दोन्ही सारखे. खोल्यांच्या रेघा मारा, दारांच्या जागा मोकळ्या सोडा, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक खाट नेऊन ठेवा आणि घरच्यांना सांगा की आता चला यातून, भिंतीतून जायचं नाही.

एक धोक्याची सूचना, उघड्या जागेवर सगळ्या खोल्या लहान दिसतात. आमच्या मामांनी बघितल्या बघितल्या "ही काय कोंबड्यांची खुराडी" म्हणून जाहीर केलं आणि मी पण घाबरून खोल्या वाढवायला निघालो होतो. भिंती उभ्या राहिल्या, छत आलं की त्याच खोल्या मोठ्या वाटतात. त्यामुळं तिथं नजरेवर जाऊ नका, खाटेभोवती फिरता येतं का आणि दोन माणसं एकमेकांना ओलांडून जातात का तेवढंच बघा. सकाळी नऊला आणि दुपारी चारला दोनदा जा, ऊन कुठल्या खिडकीत येणार ते उभं राहून कळतं, मात्र मेच्या मध्यात सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर असतो आणि डिसेंबरात दक्षिणेकडं चांगलाच कललेला, तेव्हा एका दिवसाच्या उन्हावरून वर्षाचं ठरवू नका.

मग पैसे देऊन आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर

प्लॅन स्वतःचा आहे म्हणून यांना टाळायचं नाही. मंजुरीसाठी परवानाधारक माणूस लागतोच, आणि समास (घर आणि प्लॉटची हद्द यातली मोकळी जागा) किती सोडायचा, किती बांधता येईल हे राज्याच्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीत (2 डिसेंबर 2020 ची, मुंबई आणि काही ठराविक भाग सोडून राज्यभर आहे) रस्त्याच्या आणि प्लॉटच्या मापावरून ठरतं. आर्किटेक्ट कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडं नोंदलेला आहे ना ते विचारा, त्यात लाजायचं काही नाही. तासाभराच्या सल्ल्याचे पैसे किती ते आधी स्पष्ट बोला आणि जाताना वर लिहिलेलं अर्धं पान, दोन्ही मजले आणि पाच नेमके प्रश्न घेऊन जा. माझ्या पाचातला एक होता, उजेड कुठं कमी पडेल? त्यांनी पॅसेजवर बोट ठेवून सांगितलं की इथं दिवसा पण दिवा लागेल, आणि जिन्याच्या डोक्यावर वरून उजेड घ्या म्हणाले. एका वाक्याचं काम, पण मला ते सुचलं नसतं.

स्ट्रक्चरल इंजिनिअरकडं मात्र तडजोड नको. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो, वडील आजही त्या पहाटेचं सांगतात. कॉलम-बीम गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका, मग तो कितीही अनुभवी असू दे.

एवढे सल्ले जमले, आता काय घ्यायचं?

माझ्या वहीत शेवटी ऐंशीच्या वर नोंदी झाल्या. त्या चाळताना एक लक्षात आलं की लोक अडचण सांगत नाहीत, उपाय सांगतात. मामा म्हणाले हॉल आणि किचनमधली भिंतच काढा, ओपन किचन करा. आमच्याकडं रोज फोडणीचा खकाणा, आईला ते चालणार नव्हतं. पण खोदून विचारलं तेव्हा कळलं की त्यांना हॉल अंधारा वाटत होता. भिंत ठेवली, उत्तरेला एक खिडकी वाढवली, मामा खुश. म्हणून प्रत्येक उपायाखाली त्यामागची अडचण काय ते लिहा आणि उपाय आपला शोधा.

एकमेकांशी न बोललेल्या दोन माणसांनी एकच अडचण सांगितली तर ती खरी धरा. जी व्यक्ती ती जागा रोज वापरणार तिचं मत इतर सगळ्यांच्या वर, किचनबद्दल काकांचं मत ऐकायचं आणि विसरायचं. बदलायला खर्च किती येईल तेही शेजारी लिहा, जिना, कॉलम, बाथरूमची जागा, जोत्याची उंची या गोष्टी नंतर हलत नाहीत, म्हणून वाद घालायचा तो आत्ता यांच्यावर घाला. प्रत्येक नवीन कागदावर तारीख आणि नंबर टाका, जुना फाडू नका पण सगळ्यांच्या मोबाईलवर जुना फोटो फिरत राहणार नाही हे बघा, आमच्या गवंड्याकडं चार नंबरचा होता आणि आमचा सात नंबर फायनल झाला होता, खोदाईच्या सकाळी लक्षात आलं म्हणून वाचलो.

कॉलमचं लेआउट फायनल झालं की विचारणं बंद. लाईटचे पॉइंट, ओट्याची उंची, मिक्सरचा प्लग कुठं, हे सगळं तेव्हा ठरवायची गरज नाही, वीटकाम झालं की गिलाव्याच्या आधी घरातल्या प्रत्येकाच्या हातात एक खडू द्या आणि आपापल्या जागी उभं राहून भिंतीवर खुणा करायला सांगा. आईने तिच्या खुर्चीशेजारी चार्जरसाठी खूण केली ती जमिनीपासून अडीच फुटावर, वाकायला नको म्हणून.